वर्षभरात तीनदा 'न्यूमोनिया' : मुलांमध्ये हे निदान नेमके कशावरून करतात?

विक्रोळीकर

नमस्कार मंडळी,

आमचा मुलगा आता सव्वादोन वर्षांचा आहे. गेल्या जुलैपासून या फेब्रुवारीपर्यंत त्याला तीन वेळा न्यूमोनिया झाल्याचे आम्हांला सांगण्यात आले आणि तिन्ही वेळा सांगणारे डॉक्टर वेगळे होते. जुलैत त्याला चार दिवस सणसणीत ताप होता, तो काही खात नव्हता, सारखा कण्हत होता. त्या वेळी चार रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या, शिरेतून औषध दिल्यावर तो सुधारला आणि हे सर्व माझ्या डोळ्यांसमोर झाले, त्यामुळे त्या निदानाबद्दल माझी काही शंका नाही. दिवाळीनंतर आणि पुन्हा फेब्रुवारीत जे झाले ते मात्र निराळे होते. ताप शंभरच्या आसपास, दिवसा खेळणे चालू, आणि रात्री खोकल्याची उबळ व छातीतून शिटीसारखा आवाज. दोन्ही वेळा छातीला नळी लावताच 'छाती भरली आहे' असे सांगून एक्स-रे काढायला लावला, त्यात 'थोडे डाग' दिसतात म्हणून अँटिबायोटिक सुरू केले, आणि फेब्रुवारीत तर पाच दिवसांत ते दोनदा बदलले.

माझी आई म्हणते की पंख्याखाली झोपवल्याने होते. शेजाऱ्यांच्या मते समोरच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे, त्या धुळीने होते. कार्यालयातले एक सहकारी म्हणतात की हल्ली प्रत्येक खोकल्याला न्यूमोनियाच म्हणतात. मला कोणाशी भांडायचे नाही. न्यूमोनिया आहे की नाही हे डॉक्टर कशावरून ठरवतात, दर वेळी एक्स-रे लागतोच का, आणि रात्री दोन वाजता मूल खोकत उठले तर आई-बापांनी काय पाहून रिक्षा गाठायची, एवढे मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गिरगावची आजी

तुमच्या आईंना पंख्याचा राग आहे, तसा तो आम्हां सर्वच आज्यांना असतो, त्यामुळे तो मनावर घेऊ नका. आमच्या लहानपणी कोकणात 'बाळाला डबा झाला' असे म्हणत आणि घरातली म्हातारी माणसे सर्वांत आधी बाळाचे झबले वर करून पोट उडते का, फासळ्यांखाली खड्डा पडतो का, ते पाहत असत. पुढचे उपचार मात्र अगदीच यथातथा होते आणि त्यात काही मुले गेलीसुद्धा, हेही मी विसरलेले नाही. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकणे आमच्या घरी अजून चालते. ते योग्य की अयोग्य, हे इथले डॉक्टर सांगतील तर बरे होईल.

निवृत्त बालवैद्य

विक्रोळीकर, माझे आयुष्य महापालिकेच्या रुग्णालयातील बालरोग विभागात गेले आणि आता मी घरी बसलो आहे. तुमच्या मुलाला मी तपासलेले नाही, म्हणून खाली लिहितो ते त्याचे निदान नव्हे. निदान कसे करतात, एवढेच सांगतो.

फुप्फुसात हवेच्या असंख्य बारीक पिशव्या असतात. न्यूमोनियात त्यांतल्या काही पू आणि द्रवाने भरतात, आणि फुप्फुसाचा तेवढा भाग भिजलेल्या स्पंजासारखा जड व ताठर होतो. ताठर फुप्फुस खोलवर फुगवायला श्रम पडतात, म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घेऊ लागते. आजार वाढला आणि तेवढ्याने भागेनासे झाले, की ते सारा जोर लावून हवा ओढते. या वयात छातीचा पिंजरा लवचीक असल्यामुळे श्वास घेताना त्याचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत खेचला जातो. आजींनी सांगितलेला फासळ्यांखालचा खड्डा तो हाच, आणि त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नजर बरोबर जागी जात होती.

ही दोन लक्षणे, म्हणजे श्वासाचा वेग आणि छाती आत ओढली जाणे, नळीने ऐकू येणाऱ्या आवाजांपेक्षा अधिक भरवशाची आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीमधील गोरोका येथे डॉ. फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून हे दाखवून दिले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरच आपली पद्धत उभारली. आपल्या महाराष्ट्राचाही यात मोठा वाटा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व को-ट्रायमोक्झॅझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवले, आणि त्यामुळे बालमृत्यू कमी झाल्याचे १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ज्यांना अंक मोजता येत नसत त्यांच्यासाठी त्यांनी मण्यांचे एक साधे उपकरण केले होते. गडचिरोलीच्या पाड्यावरची दाई जे मण्यांवर मोजत होती, ते मुंबईतल्या सुशिक्षित घरात हातात मोबाइल असूनही कोणी मोजत नाही, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

मोजायचे असे. मूल शांत असावे, झोपलेले असेल तर उत्तमच, पण रडत किंवा दूध पीत नसावे. झबले छातीपर्यंत वर करावे, पुरेसा उजेड असावा, आणि पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते पूर्ण ६० सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान मुलांचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. वयाला दोन महिने पूर्ण झालेले नसतील तर मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्ष यांदरम्यान ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक, हा वेग जलद समजतात. अंगात ताप फणफणत असेल तर पॅरासिटामॉल देऊन, ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे, कारण तापानेही श्वास वाढतो.

रात्री दोन वाजता काय पाहायचे, तर हा आकडा आणि तो खड्डा. त्याशिवाय काही लक्षणे अशी आहेत की ती दिसली तर मोजत बसण्यातही वेळ घालवू नये : मूल दूध किंवा पाणी पिईनासे होणे, प्यालेले सर्व उलटून पडणे, झटके येणे, हाक मारूनही नीट जागे न होणे, शांत असतानाही श्वास घेताना घशातून घोगरा आवाज येणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, नाकपुड्या फुलणे, ओठ किंवा जीभ निळसर दिसणे. यांतले एकही असेल तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळाली तर तिने, नाहीतर मिळेल त्या वाहनाने. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास दोनदा मोजूनही जलदच येत असेल, तर त्याला घरी औषध देण्याचा विचारसुद्धा करू नये. एवढ्या लहान बाळांना न्यूमोनियात ताप येतोच असे नाही, उलट अंग थंड पडू शकते.

आजी, पुरचुंडी हाताला सोसेल इतपत कोमट असेल तर शेकाने काही बिघडत नाही आणि न्यूमोनियाही बरा होत नाही. मात्र बाळाच्या नाकात तेल सोडणे आणि आंघोळीनंतर ओवा-बाळंतशेपाची धुरी देणे, या दोन चालींना माझा ठाम विरोध आहे. नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते, तिथे त्याचा निचरा होत नाही, आणि त्यातून एक चिवट प्रकारचा न्यूमोनिया होतो. अशी बाळे मी पाहिली आहेत. बाळाला आडवे धरून, नाक दाबून बोंडल्याने गुटी पाजण्याचाही तोच धोका आहे.

शंकासुर

डॉक्टरसाहेब, आपण लिहिलेले पटले, पण एक खटकते. चाळीसच्या वर श्वास गेला की न्यूमोनिया, असे धरले तर सर्दी-खोकल्याची निम्मी मुले त्यात येतील. मग विक्रोळीकरांच्या डॉक्टरांनी वेगळे काय केले? आणि एक्स-रे जर निरुपयोगी असेल तर तो दर वेळी का काढायला लावतात?

निवृत्त बालवैद्य

शंका रास्त आहे. श्वास मोजणे ही चाळण आहे. जिथे डॉक्टर नाही, एक्स-रे नाही, तिथे खरा रुग्ण निसटू नये म्हणून तिची भोके मुद्दाम बारीक ठेवली आहेत, आणि त्यामुळे तिच्यात काही खडेही अडकतात. खडे वेचून काढणे हे पुढचे काम आणि मुंबईत ते करायला डॉक्टर आहेत.

यांतला सर्वांत मोठा खडा म्हणजे शिटी. हवेच्या बारीक नळ्या आकसल्या की श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. हा दोष नळ्यांचा, पिशव्यांचा नव्हे. दोन वर्षांच्या आतील मुलांत आरएसव्ही नावाच्या विषाणूने नळ्यांना सूज येते, तिला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. थोड्या मोठ्या मुलांत सर्दीच्या कुठल्याही विषाणूने अशी शिटी वाजू शकते, आणि आई-वडिलांपैकी कोणाला दमा किंवा सततच्या शिंका असतील तर ती पुनःपुन्हा वाजते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचीच सूचना अशी आहे की शिटी वाजणाऱ्या मुलाला आधी आकसलेल्या नळ्या मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल श्वासावाटे द्यावे, गरज पडल्यास पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने तीन वेळांपर्यंत द्यावे, मग श्वास पुन्हा मोजावा आणि त्यानंतरच न्यूमोनियाचे ठरवावे. ही पायरी गाळली की दमेकरी मूल न्यूमोनियाचे रुग्ण म्हणून वर्षानुवर्षे अँटिबायोटिक घेत राहते.

एक्स-रे निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. तो अकारण काढला जातो, असे म्हणेन. घरी उपचार करता येण्यासारख्या मुलाला त्याची गरज नसते, आणि हा न्यूमोनिया विषाणूचा की जिवाणूचा, हे तर फोटोवरून खात्रीने सांगताच येत नाही. 'थोडे डाग' हे शब्द मला फार परिचयाचे आहेत. एकच फिल्म दोन तज्ज्ञांना दाखवली तर एक डाग म्हणतो आणि दुसरा रक्तवाहिनी म्हणतो. मूल दाखल करण्याइतके आजारी असेल, दोन-तीन दिवस योग्य औषध देऊनही ताप हटत नसेल, फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू झाल्याची शंका असेल, श्वासनलिकेत काही अडकल्याची किंवा क्षयाची शंका असेल, तर एक्स-रे जरूर काढावा. पूर्ण बरे झालेल्या मुलाचा 'डाग गेला का' हे पाहण्यासाठी पुन्हा फोटो काढण्याचे सहसा कारण नसते.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना सोडाच, नव्या डॉक्टरांनाही चकवते. फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला की काही मुले खोकल्याची नव्हे, पोटदुखीची तक्रार करतात. ताप आणि पोटदुखी घेऊन आलेल्या मुलाचे पोट कितीही तपासले तरी दोष सापडत नाही आणि श्वास मोजला की उलगडा होतो.

आरोग्यसेविका, एम पूर्व

मी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये घरोघरी फिरण्याचे काम करते. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले श्वास मोजणे आम्हांला प्रशिक्षणात शिकवले आहे आणि तेच आमच्या सर्वांत उपयोगी पडते, परंतु दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो आणि बाहेर कोणीतरी ड्रिल चालवत असते, तिथे बाळ एक मिनिट शांत मिळणे हेच मोठे काम असते. मी आईला बाळ मांडीवर घेऊन छातीशी लावायला सांगते, बाळ पेंगले की कुडते वर करते आणि दारातल्या उजेडात मोजते. आमच्याकडच्या बऱ्याच आया हिंदी बोलतात आणि 'पसली चल रही है' असे म्हणतात. हे शब्द कानांवर पडले की मी रजिस्टर बाजूला ठेवते, कारण आई ते म्हणते तेव्हा बहुतेक वेळा खरे असते.

२०२२ सालच्या अखेरीस आमच्या भागात गोवराची साथ आली, ते दिवस मी विसरणार नाही. गोवराने मूल दगावते ते पुरळाने नव्हे, बहुधा त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने, हे पुस्तकात वाचले होते, पण त्या वेळी ते डोळ्यांनी पाहिले. पुरळ मावळले म्हणून घरचे निर्धास्त होत आणि मुलाचा श्वास तेव्हाच चढत असे. कित्येक मुलांना आम्ही चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवले. अंगावर देवी आली आहे, आता औषध द्यायचे नाही, ही समजूत काढण्यात आमचे जेवढे बोलणे खर्ची पडले तेवढे कशातच पडले नाही. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत असते. दुसरी लस चुकलेली मुले आजही प्रत्येक गल्लीत सापडतात.

खोकला आणि ताप दोन आठवड्यांच्या वर चालला असेल, वजन घटत असेल आणि घरात कोणी क्षयाचे औषध घेत असेल किंवा घेऊन सोडले असेल, तर ते मूल आम्ही न्यूमोनियाच्या औषधावर ठेवत नाही, क्षयाच्या तपासणीला पाठवतो. मुंबईत ही शंका सर्वांनीच मनात ठेवावी. 'आमच्या इमारतीत असले काही नसते' हे वाक्य मी टॉवरमध्येही ऐकलेले आहे.

मुलुंडचा केमिस्ट

दुकानाच्या गल्ल्यामागून जे दिसते ते लिहितो. जुनी चिठ्ठी घेऊन 'मागच्या वेळी हेच दिले होते' असे सांगत अँटिबायोटिक मागणारे पालक रोज येतात, आणि नाही म्हटले तर शेजारच्या दुकानात जातात. मागच्या वेळी मूल आठ किलोचे होते, आता अकरा किलोचे आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मुलांचा डोस वजनावर असतो, चमच्यावर नव्हे, आणि घरातला चमचा तर कधीच नव्हे. बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापानेच औषध मोजावे. भुकटीच्या सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालावे, प्रत्येक वेळी बाटली हलवावी, आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपले की उरलेले फेकून द्यावे. ते पुढच्या आजारासाठी राखून ठेवू नये.

खोकल्याच्या सिरपविषयी तर हात जोडून सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित सिरपने मुले दगावली, तेव्हा केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत, अशी सूचना पुन्हा दिली. तरीही 'खोकला थांबेल असे काहीतरी द्या' ही मागणी थांबलेली नाही. न्यूमोनियात खोकला हाच तर कफ बाहेर काढतो. तो दाबून काय साधणार?

निवृत्त बालवैद्य

केमिस्टसाहेबांशी मी पूर्ण सहमत आहे. वर्षाच्या वरच्या मुलाला घसा शांत करायला चमचाभर मध पुरे. वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये. तसेच पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ देऊ नये. मुंबईतल्या लहान खोल्यांत ते पातेले कलंडून भाजलेली मुले मी न्यूमोनियाच्या मुलांइतक्याच हळहळीने पाहिली आहेत.

विक्रोळीकरांच्या मुलाचे अँटिबायोटिक पाच दिवसांत दोनदा बदलले, म्हणून त्याबद्दलही लिहितो. घरी उपचार करण्याजोग्या न्यूमोनियात पहिले औषध म्हणजे साधे अमॉक्सिसिलिन. ते किलोमागे दिवसाला ८० मिलिग्रॅम या हिशेबाने, दोन वेळांत विभागून, सहसा पाच दिवस देतात. दहा दिवस द्यावे लागते, ही माझ्याच पिढीची सवय. २०२१ साली कॅनडातून आणि ब्रिटनमधून आलेल्या चाचण्यांनी, सौम्य आजारात कमी दिवसांचा कोर्स तितकाच गुणकारी ठरतो, हे दाखवले. सुरुवातीलाच ॲझिथ्रोमायसिन देण्याची फॅशन मात्र मला समजत नाही. ते मायकोप्लाझ्मासारख्या जंतूंसाठी आहे, जे बहुतांशी शाळकरी मुलांत आढळतात, आणि न्यूमोकॉकस या मुख्य जंतूवर त्याचा भरवसा धरता येत नाही. औषध सुरू केल्यावर दोन दिवसांनी मुलाला पुन्हा दाखवावे. श्वास मंदावला, ताप उतरू लागला, खाणे सुरू झाले, की मार्ग बरोबर आहे. त्याआधी औषध बदलणे म्हणजे तांदूळ शिजण्याआधीच भात कच्चा म्हणून पातेले उतरवण्यासारखे आहे. उलट तीन दिवसांनीही ताप तसाच राहिला, तर औषध बदलण्याबरोबरच फुप्फुसाभोवती पू झाला आहे का, ते सोनोग्राफीने पाहावे लागते. झाला असेल तर नळी घालून तो काढावा लागतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो आणि तेवढ्यावरून औषध फसले असे समजू नये.

करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला, म्हणून त्याबद्दलही दोन शब्द. मोठ्यांचा चिमटा तान्ह्याच्या बोटाला नीट बसत नाही आणि मूल हलले की भलताच आकडा दाखवतो. रुग्णालयात बाळाच्या पावलाला किंवा अंगठ्याला गुंडाळायची वेगळी पट्टी असते. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० टक्क्यांच्या खाली गेला तर जागतिक आरोग्य संघटना ऑक्सिजन द्यायला सांगते, ब्रिटिश मार्गदर्शिका ९२ धरते. घरच्या यंत्रावर चांगला आकडा आला म्हणून छाती आत जाणारे मूल घरी ठेवू नका, एवढेच माझे सांगणे.

डोंबिवलीची आई

विक्रोळीकर, तिन्ही फिल्म शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिल्या आहेत का? आमच्या मुलीला दीड वर्षाची असताना सहा महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला आणि दोन्ही वेळा औषधाने ती बरी झाल्यासारखी वाटली. तिसऱ्या वेळी मुंबईतल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी जुन्या फिल्म मागवल्या, खिडकीला लावून पाहिल्या आणि म्हणाल्या की दर वेळी उजवीकडची तीच जागा धरली आहे. नंतर त्यांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला : ही पहिल्यांदा खोकू लागली त्या दिवशी काय खात होती? आम्ही दोघेही गप्प झालो, कारण तो संक्रांतीनंतरचा आठवडा होता आणि तिच्या हातात शेंगदाण्याची चिक्की होती. तिला ठसका लागला होता, पाठ थोपटल्यावर थांबला आणि आम्ही विसरून गेलो. दुर्बिणीतून दाण्याचा अर्धा तुकडा निघाला. आता आमच्या घरी पाच वर्षांखालील कोणालाही अख्खे दाणे, फुटाणे किंवा लाह्या मिळत नाहीत आणि पाहुण्यांना त्याचा राग येतो.

शंकासुर

बाई, अंगावर काटा आला. डॉक्टरसाहेब, लसीचे एक विचारायचे राहिले. खासगी दवाखान्यात न्यूमोनियाच्या लसीचे काही हजार रुपये घेतात आणि महापालिकेच्या केंद्रात ती फुकट मिळते. फुकटची कमअस्सल असते का?

निवृत्त बालवैद्य

नाही. न्यूमोकॉकसची लस सरकारी कार्यक्रमात २०१७ साली काही राज्यांत आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेली दहा उपप्रकारांवरची लसही आता उपलब्ध आहे. महागड्या लशींत उपप्रकारांची संख्या अधिक असू शकते, पण फुकटची वेळेवर घेणे हे महागडी उशिरा घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या दुसऱ्या मोठ्या जंतूवरची लस पंचगुणी लशीतच असते. या दोहोंमुळे विषाणूंचा न्यूमोनिया टळत नाही, म्हणून 'लस घेऊनही झाला' अशी तक्रार येते. घरातली विडी-सिगारेट आणि बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल, या दोन गोष्टींवर कोणतीच लस नाही.

विक्रोळीकर

उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, क्षमस्व. डोंबिवलीच्या ताईंचे वाचून त्याच रात्री तिन्ही फिल्म माळ्यावरून काढल्या. गेल्या गुरुवारी मुलगा पुन्हा खोकू लागला. झोपेत मोजले तर श्वास ४६ भरला, फासळ्यांखाली खड्डा नव्हता, पाणी पीत होता, त्यामुळे रात्री न धावता सकाळी फिल्म घेऊन एका शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी काही न बोलता एक मिनिट श्वास मोजला. एवढ्या महिन्यांत हे करणारे ते पहिलेच. त्यांनी पारदर्शक नळकांडे आणि मास्क लावून इन्हेलरचे फवारे दिले, वीस मिनिटे बाहेर बसवले आणि पुन्हा मोजले, तर ३४. फिल्म पाहून त्यांनी सांगितले की जुलैतला न्यूमोनिया खराच होता, उजव्या बाजूला खाली ठळक सावली आहे. दिवाळीनंतरच्या आणि फेब्रुवारीच्या फिल्ममध्ये फुप्फुसे फक्त जास्त फुगलेली दिसतात. म्हणजे शिटी. मला लहानपणी बाळदमा होता, हे माझ्या आईने तेव्हा पहिल्यांदा सांगितले. आजवर ते कोणी विचारले नव्हते आणि तिलाही सांगावेसे वाटले नव्हते. या वेळी अँटिबायोटिक दिलेले नाही. आता आईचे म्हणणे असे की एवढ्या लहान वयात पंप लावला तर त्याची सवय लागेल. तिला काय सांगू?

निवृत्त बालवैद्य

आईंना सांगा की चष्म्याची जशी सवय लागते तशीच ही. गरज असेपर्यंत लागतो, आणि बऱ्याच मुलांची ही शिटी शाळेत जाण्याच्या वयात आपोआप मागे पडते. इन्हेलरमधून औषध थेट नळ्यांत जाते, म्हणून पोटातून देण्याच्या सिरपपेक्षा ते कितीतरी कमी लागते. मात्र दमा आहे म्हणून पुढे कधी न्यूमोनिया होणारच नाही, असे धरून चालू नका. फवाऱ्यांनंतरही श्वास ४०च्या वर राहिला, ताप चढला किंवा छाती आत जाऊ लागली, तर त्याच दिवशी दाखवा.

नळकांडे आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावे आणि फडक्याने न पुसता तसेच वाळू द्यावे. पुसल्याने आतल्या बाजूस विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटून राहते.

विक्रोळीकर

पुसत होतो. आजपासून बंद. काल रात्री झोपेत मोजले, २८ भरले. आईनेही शेजारी बसून मोजले, तिचे २७ आले, कारण मध्येच तो कूस वळला.